फीड पंपावर आळ

आमचा पिकअप २००७ सालचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. मी तो २०१५ मध्ये जुना घेतला. तेव्हापासून नारायणगावच्या आसपासचा टोमॅटो वाशीच्या मार्केटला पोचवायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं, हा त्याचा आणि माझा धंदा. स्वतःचं दीड एकर आहे, बाकी भाडं. आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, शीळफाटा, वाशी. एका बाजूला साधारण दीडशे किलोमीटर. जाताना भरलेली गाडी घाट उतरते, येताना रिकामी गाडी घाट चढते. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ या चढण्याउतरण्यातच होता.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती २०२३ च्या एप्रिलमध्ये. सकाळी नऊच्या सुमारास घाट चढत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये बरी चालली होती. बोगद्याच्या अलीकडे अचानक ओढ कमी झाली. दुसरा टाकला. पाय पार खाली दाबला तरी इंजिन वर येईना. दोन-तीन हुंदके दिले आणि गप्प. खाली उतरलो, दगड लावला, बॉनेट उघडलं. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हवा सोडायचा स्क्रू सैल केला, फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या, प्रायमरनं (हातानं डिझेल चढवायच्या मुठीनं) वीस-पंचवीस हात मारले. थोडे बुडबुडे आले, मग नितळ डिझेल आलं. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, गाडी चालू. घरापर्यंत आली ती काही झालंच नाही अशी.

ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे त्यांना हे नवीन नाही. एअर धरली असेल, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली असेल म्हणायचं आणि पुढे जायचं. मीही तेच केलं.

मे महिन्यात ती चार वेळा बंद पडली. कधी घाटात, कधी मुरबाडच्या पुढे, एकदा ओतूरजवळ सपाटीला. मधल्या सात-आठ फेऱ्यांत मात्र एकदाही नाही. हेच तर वाईट. जी गाडी कायमची बंद पडते ती मिस्त्री दुरुस्त करतो. जी अधूनमधून पडते ती मिस्त्रीच्या दारात गेली की शहाण्या पोरासारखी वागते. मिस्त्री अर्धा तास रेस धरून बघायचा आणि म्हणायचा, "चालतीये की!"

त्याच महिन्यात टोमॅटोचे भाव असे पडले होते की काही लोकांनी तोडणीसुद्धा परवडत नाही म्हणून माल वावरातच सोडला. भाडं निम्म्यावर आलं. डिझेल हजार-हजार रुपयांचं टाकायचं, तेवढ्यात फेरी काढायची. टाकीचा काटा केव्हाच मेलेला, त्यामुळे किती उरलंय ते अंदाजावर. ही हजार रुपयांची गोष्ट मला फार नंतर आठवली.

आधी एक समजून घ्यावं लागेल. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, डिझेलला नाही. तिथे हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं. त्यामुळे चालती डिझेल गाडी बंद पडली की पहिला संशय डिझेल पोचण्यावर. आमच्या गाडीला इलेक्ट्रिकचा पंप नाही. इंजिनात फवारायला डिझेल दाबानं पुढे देणारा जो मोठा पंप, त्याच्या कुशीत एक मुठीएवढा फीड पंप बसवलेला असतो. मोठ्या पंपाच्या आतला कॅम (उंचवटा असलेली चकती) फिरतो, त्यावर याचा दट्ट्या मागे-पुढे होतो, आणि दोन व्हॉल्व्हच्या जोरावर तो मागच्या टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपाला देतो. गावातल्या हापशासारखंच आहे ते, फक्त हापसणारं इंजिन. वरच्या बाजूला जो बोटानं मारायचा प्रायमर असतो, तो आपल्यासाठी.

म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रस्ता ओढीचा आणि तिथून पुढचा दाबाचा. दाबाच्या बाजूला गळती असली तर डिझेल ठिबकतं, डोळ्यांना दिसतं. ओढीच्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि चोंदलं असलं तर काहीच दिसत नाही.

मिस्त्रीनं नेमानं सुरुवात केली, त्याला मी नावं ठेवणार नाही. दोन्ही फिल्टर बदलले. डिझेलचे पाइप जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले. गाडी बंद करायच्या स्टॉपरची वायर तपासली, कारण ती अर्धवट ओढलेली राहिली तरी गाडी अशीच मरते. टाकीतला ओढीचा पाइप वर काढून त्याची जाळी धुतली. जाळीत बोटभर गाळ होता, सगळ्यांना वाटलं सापडला चोर. चार दिवसांनी गाडी पुन्हा घाटात. मग फीड पंपाचं किट टाकलं: स्प्रिंग, व्हॉल्व्ह, वॉशर. आठवडाभर बरी. पुन्हा बंद. शेवटी मिस्त्री म्हणाला, "बॉडीच झिजली आसंल, नवा टाकू." जूनच्या मध्याला नवा फीड पंप बसला.

आणि गाडी सुधारली! जून संपला, जुलै उजाडला, एकदाही बंद नाही. मी मिस्त्रीला वाटेत थांबून चहा पाजला.

याच सुमारास टोमॅटोनं असा काही उठाव घेतला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. नारायणगावला वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. ज्या मालाला मे महिन्यात कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्या राखणीला लोक रात्री बॅटऱ्या घेऊन बसायला लागले. भाडंही वाढलं, पैसा रोख. मी पंपावर जाऊन टाकी फुल्ल करायला लागलो. गाडी नव्या फीड पंपामुळे सुधारली, असं मी चार जणांना सांगितलंही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री वाशीहून आलो आणि लगेच दुसरी खेप भरली. डिझेल टाकायचं राहिलं. म्हटलं, जाता येता कुठेही टाकू. बासष्ट क्रेट होते, तीन घरांचे. घाट उतरलो, मोरोशी गेली आणि टोकावड्याच्या अलीकडच्या छोट्या चढाला गाडीनं तेच ओळखीचे हुंदके दिले. रात्रीचा एक. धो धो पाऊस. पाठीवर सव्वा लाखाचा माल, त्यातला माझा एक क्रेटही नाही.

त्या रात्री मी चार वेळा हात मारून गाडी उठवत वाशी गाठलं. सौद्याला उशीर झाला, पण भावच असा होता की माल उभ्या उभ्या गेला. परत येताना वाटेत डिझेल टाकलं, पुन्हा हजाराचंच, कारण पैसे अजून हाती यायचे होते. घाटात दोनदा थांबलो. दरड पडायचे दिवस, वर बघत प्रायमर मारायचा. त्या वेळी बोटांना एक गोष्ट जाणवली. प्रायमरची मूठ वर ओढायला कडक जात होती, आणि सोडली की आपोआप खाली बसत होती. मी मनात म्हटलं, नवा पंप आहे, जरा कडक असणारच. मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं, पण दोन रात्रींची झोप बाकी होती.

मिस्त्रीनं आता मोठ्या पंपावर बोट ठेवलं. पंप उतरवून डिझेल लॅबला पाठवायचा, चौदा हजार धरून चाल, वर डिझेल फवारणाऱ्या नोझलचं वेगळं. पैसे होते, वेळ नव्हता. चार दिवस गाडी उभी म्हणजे त्या भावात चार दिवसांचं भाडं बुडालं. मी घरी येऊन ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात तात्या आले. तात्या आमच्या भावकीतले. तीस वर्षं ट्रक चालवला, आता गुडघ्यांनी बसवलंय. त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी पंपाचं काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "मरताना कशी मरती? दिवा विझल्यासारखी, का म्हातारं माणूस गेल्यासारखी?"

म्हटलं, हळूहळू. दम लागून.

"मग वायरीचं न्हाई. स्टॉपर सोडून दे. आन् टाकीत किती आसतं तवा?"

मी काहीच बोललो नाही. सांगायला काटाच कुठे होता? पण दुधाची डायरी असते तशी मी डिझेलची आणि भाड्याची नोंद ठेवतो. आत जाऊन ती आणली. एप्रिल-मेमधल्या प्रत्येक बंद पडण्याच्या आधी हजाराचं डिझेल आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर धाव. जून-जुलैत फुल्ल टाकी, आणि महिनाभर काही नाही. टोकावड्याच्या रात्री पुन्हा तळ गाठलेला. नवा फीड पंप बसल्याचा दिवस आणि भाव वाढून टाकी भरायला लागल्याचा दिवस यांत जेमतेम पाच दिवसांचं अंतर होतं. सुधारणा पंपानं केली नव्हती, टोमॅटोनं केली होती.

टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, फीड पंपाला कमी ओढावं लागतं. टाकी तळाला गेली की जास्त. आणि चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिन गरगर फिरतंय, म्हणजे ओढही जोरात. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक वेळा मरते. म्हणजे कुठेतरी ओढीच्या वाटेवर अडथळा आहे, पण पूर्ण नाही.

"हवा धरती का चोंदती, ते आधी बघू," तात्या म्हणाले. "नळी आन कसली तरी, पलीकडचं दिसंल आशी."

शेजारी गवंडीकाम चालू होतं. त्यांच्याकडून पाण्याच्या लेव्हलची जुनी नळी मागून आणली, ती पारदर्शक, करंगळीएवढी. हातभर तुकडा कापला. फीड पंपाला येणारा होज (रबरी नळी) सोडवून मध्ये ही नळी जोडली, दोन्हीकडे क्लिप आवळल्या. टाकीत मुद्दाम पाच-सहा लिटरच ठेवलं. धाकट्या भावाला आत बसवलं आणि न्यूट्रलमध्ये रेस धरायला सांगितली. तात्या स्टुलावर, मी बॉनेटमध्ये डोकं घालून.

पाच मिनिटं काही नाही. नळीतून पिवळसर डिझेल जात होतं, एखाददुसरा बुडबुडा. फेस असता तर हवा धरतेय असं ठरलं असतं. आठ मिनिटं झाली, दहा झाली. भाऊ आतून ओरडला, "किती वेळ?" आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर ती नळी चपटी व्हायला लागली. आधी मधोमध खळगा पडला, मग दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या, जसं लहान पोर सरबत संपल्यावर स्ट्रॉ ओढतं तसं. इंजिननं हुंदका दिला. बंद.

तात्या म्हणाले, "पंप बिचारा जीव तोडून वढतोय. त्याला मिळंना तर तो काय करील?"

खरं सांगतो, मला त्या चपट्या नळीची लाज वाटली. तीन महिने मी ज्याला शिव्या घालत होतो, ज्याच्यासाठी किट आणलं, जो काढून नवा बसवला, तो जुना फीड पंपही इतक्याच जोरानं ओढत असणार. प्रायमरची मूठ आपोआप खाली बसत होती तीही याचमुळे. खाली पोकळी झाली होती, ती मुठीला ओढत होती.

आता अडथळा कुठे? आधी टाकीचं झाकण उघडं ठेवून बघितलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी टाकीत पोकळी होते. फरक नाही. मग टाकीलाच वगळलं. चॅसिसवरून जो लोखंडी पाइप मागे जातो, त्याचं मागचं टोक सोडवून त्याला वेगळी नळी जोडली आणि ती जमिनीवर ठेवलेल्या कॅनमध्ये सोडली. हे डिझेल म्हणून केलं, पेट्रोलच्या गाडीला असले उघड्या कॅनचे उद्योग करू नयेत. वीस मिनिटं रेस धरली. लेव्हलची नळी गोल ती गोल. म्हणजे लोखंडी पाइप मोकळा, पुढचं सगळं मोकळं. राहिला टाकीतला ओढीचा पाइप आणि तिथून चॅसिसच्या पाइपापर्यंतचा दीड फूट रबरी होज.

टाकीतला पाइप काढला, जाळी स्वच्छ. होज काढला. बाहेरून तुकतुकीत, कुठे चीर नाही. मी एका बाजूनं फुंकर मारली, हवा सरळ गेली. मिस्त्रीनंही मे महिन्यात पुढून काँप्रेसरची हवा मारून टाकीत गुडगुड आवाज ऐकला होता आणि लाइन साफ आहे म्हणाला होता. मीही तेच म्हणालो, साफ आहे.

तात्यांनी होज हातातून घेतला. "त्यो फुकतो का वढतो?" असं म्हणून पुढचं टोक तोंडात धरलं आणि हवा आत ओढली. सावकाश ओढली तर येत होती. जोरात ओढली की फट्‌दिशी बंद. तोंडात डिझेलची चव घेऊन ते माझ्याकडे बघून हसले. हा जुन्या ड्रायव्हरांचा उद्योग आहे, तुम्ही करू नका.

ब्लेडनं होज उभा चिरला. आतलं अस्तर डिझेल पिऊन फुगलं होतं, बाहेरच्या थरापासून सुटलं होतं, आणि एका जागी त्याची जिभेसारखी चिरफळी लोंबत होती. पुढून हवा मारली की जीभ बाजूला झोपायची. पुढून जोरात ओढलं की उठून भोकावर बसायची. इंजिन बंद झालं, ओढ थांबली की दहा मिनिटांत पुन्हा सैल. आत एक फुकटचा व्हॉल्व्ह तयार झाला होता आणि तो उलटा होता.

आता हा होज कुणी बसवला? २०२१ मध्ये टाकी गळत होती म्हणून उतरवून वेल्डिंग केली होती. बसवताना जुना होज तुटला. रविवार होता, दुकानं बंद. घरात फवारणी पंपाच्या होजचं वेटोळं पडलेलं. जाडजूड, मजबूत, एवढा दाब सोसणारा. त्यातला दीड फूट कापला आणि बसवला. कापणारा मी, बसवणारा मी. मिस्त्रीला सांगायचंही सुचलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? फवारणीचा होज आतून बाहेर दाब सोसायला केलेला, पाण्यासाठी आणि औषधासाठी. त्याच्या अस्तराला डिझेलमध्ये दोन वर्षं भिजत राहायचं शिकवलेलं नव्हतं.

आळेफाट्यावरून डिझेलचा होज आणला. शंभर रुपयांच्या आत काम झालं, क्लिपांसकट. परतीच्या लाइनलाही मी त्याच वेटोळ्यातला तुकडा लावला होता हे तेव्हा आठवलं, तोही बदलला. त्याचं अस्तर अजून सुटलं नव्हतं, पण बोटाला मऊ लागत होतं. लेव्हलची नळी काढून टाकली, कारण डिझेलमध्ये ती चार दिवसांत काठीसारखी कडक होते. गवंड्याला नवी घेऊन दिली.

मिस्त्रीकडे चिरलेला होज घेऊन गेलो. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, जीभ बोटानं उचलून पाहिली. मग विचारलं, "जुना फीड पंप आहे ना तुझ्याकडं? फेकू नको." फेकला नव्हता. किट टाकलेला, ठणठणीत पंप, वर्तमानपत्रात गुंडाळून सीटखाली ठेवलाय.

पुढच्या फेरीला मुद्दाम टाकी खाली ठेवली. माल उतरवून परत निघालो, कल्याणला डिझेल टाकलं नाही. मागे पाच लिटरचा कॅन होता, तेवढी अक्कल शिल्लक होती. घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. तिसरा, मग दुसरा. बोगदा आला तेव्हा कान इंजिनला लागलेले. बोगदा गेला. वरच्या सपाटीला येऊन गाडी बाजूला घेतली आणि तात्यांना फोन लावला. पहाटेचे पाच वाजले होते.

"चढली," मी म्हणालो.

"मंग चढणारच. ठिव आता, झोपू दे."

फवारणीच्या होजचं उरलेलं वेटोळं अजून गोठ्यात खुंटीला आहे. फवारणीला उत्तम चालतं.